सुनंदावहिनींच्या अंगणात विचारलेला प्रश्न

समाजकार्य शिकलेली बाई म्हटलं की लोक आधी जुने कपडे आणून देतात. रत्नागिरीत माझ्या दारात अशी इतकी गाठोडी येऊन पडली आहेत की शेजाऱ्यांना वाटायचं, मी भांडी देऊन जुने कपडे घेण्याचा धंदा करते. 'तुम्ही समाजसेवा करता ना, मग हे कुणाला तरी द्या.' मी समाजसेवा करत नाही हो. पगार घेऊन समाजकार्य करत होते. दोन वर्षं कॉलेजात बसून, परीक्षा देऊन ते शिकले होते. पण हे सांगायला गेलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून मी गाठोडं घ्यायची आणि गप्प बसायची.

मी एका कुटुंब सल्ला केंद्रात नोकरी केली. एक टेबल, चार खुर्च्या, एक पंखा आणि नवरा-बायको आले की बंद करायची एक खिडकी. नाना तऱ्हेची माणसं येत. एक गृहस्थ दर आठवड्याला यायचे. त्यांना सल्ला नको होता. घरातल्या भांडणात त्यांचंच बरोबर आहे, एवढं आमच्या लेटरहेडवर लिहून हवं होतं. दिलं नाही म्हणून ते वरपर्यंत तक्रार करणार होते. मी पत्ता दिला, पेनही दिलं. निवृत्तीनंतर आता आठवड्यातून दोन दिवस जाते, ती विद्यार्थ्यांना फील्डवर्क शिकवायला. म्हणजे वर्गात जे वाचलं ते जिवंत माणसासमोर कसं करायचं, ते.

शिकवण्यासारखं असतं तरी काय, असं माझे मेहुणे दर दिवाळीला विचारतात. तर ऐका. ऐकणं शिकवावं लागतं. आपण बहुतेक जण समोरचा बोलत असताना आपलं उत्तर जुळवत बसतो. प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं शिकवावं लागतं आणि ते महाकठीण. माणूस जी तक्रार घेऊन येतो ती आणि खरी तक्रार यांत अंतर असतं, ते ओळखायला शिकवावं लागतं. त्यानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याच्या आयुष्याचा निर्णय त्यानंच घ्यायचा, आपण नाही. पुस्तकात याला स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणतात. परीक्षेत त्यावर टीप येते. मुलं छान लिहितात.

प्राजक्तानंही छान लिहिली असणार. माझ्याकडं फील्डवर्कला आलेली इचलकरंजीची मुलगी, बोलायला खणखणीत, वहीत रंगीत पेनांनी आकृत्या काढणारी. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "मॅडम, इथली माणसं बोलता बोलता मधेच का थांबतात हो? मला वाटतं फोन कट झाला." मी तिला सांगितलं, ते थांबले की तू काही बोलायचं नाहीस, तुझं सगळं शिक्षण त्या थांबण्यात आहे. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्याच भेटीत तीन वेळा मधे बोलली.

श्रावणात एक बाई केंद्रात आल्या. जयगडच्या बाजूला खाडीच्या वर टेकाडावर एक वाडी आहे, तिथल्या सुनंदावहिनी. पन्नाशीच्या आत-बाहेर. नवरा मुंबईत नोकरीला होता, तिथंच हृदयविकारानं गेला. घरात त्या आणि अंगाची एक बाजू लुळी पडलेले सासरे. वाडीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. कुणी त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्या अंगणात येत नाही, त्यांच्या घरचं पाणी पीत नाही. जो बोलेल त्याला दंड. आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, ती यांच्या दारावरून सरळ पुढं गेली होती.

कारण रस्त्याचं. वाडीत चढायला जांभ्या दगडांची पाखाडी आहे, पायऱ्यांची. तिथं रिक्षा चढेल असा रस्ता करायचं ठरलं आणि त्यासाठी वहिनींच्या आगराची, म्हणजे घरालगतच्या बागेची, एक पट्टी हवी होती. त्या पट्टीत हापूसची दोन कलमं होती, नवऱ्यानं लावलेली, नुकती धरायला लागलेली. वहिनींनी पट्टी द्यायला नकार दिला.

पुढच्या आठवड्यात प्राजक्ताला घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं की वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, कायदा आहे, तक्रार करू, मी सोबत येते. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"पोलीस येतील नि जातील," त्या म्हणाल्या. "मग मी ऱ्हानार कोनाबरोबर? मना तक्रार नको. फक्त येत्या शिमग्याला पालखी दारात येऊंदे. म्हाताऱ्यानं जल्मभर पालखी नाचवलान. आता हातरुनावरनं ढोल ऐकतो नि भिंतीकडं तोंड करतो. त्याच्या डोळ्यादेखत एकदा येऊंदे. त्याच्या पुढच्या शिमग्यापातूर तो काय ऱ्हातो, काय नाय."

म्हणजे काय करायचं ते स्पष्ट होतं आणि कधीपर्यंत तेही. प्राजक्ता तर पेटलीच. परतीच्या एसटीत आरे-वारेचा समुद्र शेजारून चालला होता, तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. वहीत वाडीची आकृती काढत बसली होती. मधोमध वहिनींचं वर्तुळ, भोवती शेजारी, गावकर, बचत गट, दीर. निर्णय जिथं होतो तिथं जाऊन काम करावं, असं समुदाय संघटनाच्या पुस्तकात असतं. आता कोकणातल्या वाडीचे निर्णय कुठं होतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वाडीत गावकर असतो, मान त्याचा, पण वाडीचं मुंबई मंडळ असतं आणि खरं बटण तिथं. देवळाचा रंग, क्रिकेटच्या स्पर्धा, पाण्याची टाकी, सगळं परळ नाहीतर विरारच्या कुठल्यातरी खोलीत रविवारी ठरतं आणि इकडं फोन येतो. प्राजक्तानं मुंबईला एक मोठं लाल वर्तुळ काढलं आणि जाड बाण दाखवला. मी म्हटलं, शाब्बास, बरोबर ओळखलंस.

गणपतीत सगळे मुंबईकर आले. आम्ही मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो, वहिनींच्या दिरांना भेटलो. माणसं अगदी सभ्य. चहा झाला, करंज्या झाल्या. दीर म्हणाले, "मी तर कधीच होकार दिलाय मंडळाला. वहिनीच अडून बसलीय." दोन तास बोलणी होऊन तोडगा निघाला. वहिनींनी पट्टी द्यावी, मंडळ दोन नवी कलमं लावून देईल आणि त्याच दिवशी बहिष्कार उठेल. अध्यक्षांनी प्राजक्ताच्या आकृतीचा फोटोसुद्धा काढून घेतला.

आम्ही तडक वहिनींकडं गेलो. प्राजक्तानं एका दमात सगळं सांगितलं. वहिनी पडवीत सुकवलेले बांगडे आवरत होत्या. त्यांचे हात थांबले. प्राजक्ता पुढं काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. कोंबडी अंगणातून इकडून तिकडं गेली. आत म्हातारा खोकला.

"मंजे तुमीपन तिकडंच गेलाव," वहिनी म्हणाल्या.

प्राजक्तानं वही मिटली.

"मंडळानं भावजीना इचारलानी. भावजीनी हो म्हटलान. गावकरानं येऊन सांगितलान, अमक्या दिवशी कलमं तोडायला मानसं येनार. घर मी सारवतंय, कलमांना पानी मी घातलंय, म्हाताऱ्याचं हगनं-मुतनं मी काढतंय. मना कोनी इचारलान? वाटलं, तुमी तरी..." त्यांनी टोपली उचलली. "जावा बाय, एसटी चुकंल."

केंद्रात येणं त्यांनी बंद केलं. फोनही उचलेनात. प्राजक्ता दोनदा रडली. मीही घरी चिडचिड केली, आमटीत मीठ घालायला विसरले. रत्नागिरीत जन्म गेला म्हणून मला मुंबईला विचारणं इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही चुकतंय हे जाणवलंही नाही, आणि त्या इचलकरंजीच्या मुलीनं आमची ही रीत दोन महिन्यांत आत्मसात केली होती. आमच्या आकृतीत वहिनी मधोमध होत्या खऱ्या, पण सगळे बाण त्यांच्याकडे येत होते. त्यांच्याकडून निघालेला एकही नव्हता.

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा टेकाड चढलो. तोडगा, कायदा, काही काढायचं नाही, असं वाटेत ठरवलं होतं. प्राजक्तानं माफी मागितली आणि मग तिनं एकच विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय हवंय?" आणि ही मुलगी खरोखर गप्प बसली. मी तिच्याकडं पाहत राहिले. इतक्या महिन्यांत मी शिकवलेलं तिला त्या क्षणी आलं.

"गावकरानं माझ्या अंगनात यावं," शेवटी वहिनी म्हणाल्या. "नि मना इचारावं. मी हो म्हनीन, नायतर नाय म्हनीन. पन माझ्या तोंडातनं."

"हे आम्ही त्यांना सांगू का?" प्राजक्तानं विचारलं.

"एवढंच सांगा. बाकी काय नको."

एवढंच घेऊन आम्ही तात्यांकडं गेलो. तात्या म्हणजे वाडीचे गावकर. सत्तरी ओलांडलेले, शिमग्यात देवासमोर सगळ्या वाडीच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारे. दंडाचा नियम त्यांच्याच तोंडून निघालेला. ते पानाला चुना लावत म्हणाले, "बायमानसाला काय इचारायचा? तिचा दीर हो बोललाय. नि नेम मीच केलाय, मीच कसा तिच्या अंगनात जाऊ? उद्या पोरं माझ्यावर हसतील."

मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात प्राजक्तानं विचारलं, "तात्या, तुम्हाला न विचारता मुंबईनं कधी काही ठरवलंय का?"

तात्यांचा हात पानावरच राहिला. मला खोकला येत होता, तो मी गिळला.

"देवळावर कौलं होती," तात्या म्हणाले. "माझ्या बापानं चढवलानी. पावसाचा आवाज असा यायचा त्यांच्यावर... गाऱ्हानं घालताना बरा वाटायचा. मंडळानं ती काढलानी नि स्लॅब टाकलानी. पक्का काम, वाईट नाय म्हनत मी. पन मना कधी कळला? मोबायलवर फोटो आला तवा. मी गावकर, नि मना फोटो."

त्यांनी पान तोंडात टाकलं. आम्ही काही जोडलं नाही, काही समजावलं नाही. निघताना त्यांनी फक्त विचारलं, "ती नाय म्हनाली तर?"

"तर नाही," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण ती नाही म्हणाली तर पालखीही हातची जाईल, हे मला दिसत होतं.

महिने गेले. आम्ही जात राहिलो, बचत गटाच्या बायकांशी बोलत राहिलो. त्या बायका आमच्याशी सुनंदावहिनींचं नाव न घेता 'वरची' एवढंच म्हणायच्या, पण वरचीच्या म्हाताऱ्यासाठी कुणीतरी कुंपणावर पेजेची भांडी ठेवून जायचं, हे आम्ही पाहिलं होतं. अशा गोष्टी पाहून ठेवायच्या आणि बोलायच्या नाहीत. हेही शिकवावं लागतं.

होळीच्या काही दिवस आधी तात्यांचा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा ते धुतलेला सदरा घालून निघालेच होते. दिवसाउजेडी. कुंपणांच्या मागं, पडव्यांमधून, विहिरीवरून सगळी वाडी बघत होती, आणि बघत नाही असं दाखवत होती. तात्या वहिनींच्या अंगणात जाऊन उभे राहिले. वहिनी दारात. आतून म्हाताऱ्यांची खाट थोडी दिसत होती.

"सुनंदा," तात्या जरा मोठ्यानंच म्हणाले. गाऱ्हाण्याचा सूर त्यांना सुटत नव्हता. "वाडीला रस्ता हवा हाय. तुझ्या आगरातनं जागा लागनार. कलमं जानार. देतंस काय? तुना इचारतोय."

प्राजक्ताची नखं माझ्या दंडात रुतली. मी मनात म्हणत होते, म्हण हो. बाई, एकदाचं हो म्हण. मी स्वयंनिर्णयावर किती व्याख्यानं दिली असतील, पण त्या क्षणी मला तिचा निर्णय नको होता, मला तिचा होकार हवा होता.

"नाय," वहिनी म्हणाल्या. "कलमं तोडू देनार नाय."

विहिरीवरचा रहाट थांबला. तात्या कलमांकडं बघत होते, मोहोर गळून कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या. मग त्यांनी मान हलवली.

"बरा," ते म्हणाले.

आता वळून जातील, असं मला वाटलं. पण ते पडवीच्या पायरीवर बसले. चप्पल काढून बाजूला ठेवली.

"पानी दे गो," ते म्हणाले.

वहिनी आत गेल्या. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या. तात्यांनी सगळ्यांच्या देखत तो वर धरून गटागटा संपवला, सदऱ्यावर सांडलं तेही पुसलं नाही. मी रडले. पर्यवेक्षकानं विद्यार्थ्यांसमोर रडू नये असं मानतात, पण विद्यार्थिनीही रडत होती.

त्या शिमग्याला पालखी आली. ढोल अंगणात वाजला. म्हाताऱ्यांना खाटेसकट पडवीत आणलं होतं. पालखी खाली टेकवली तेव्हा त्यांनी चालत्या हातानं दांड्याला धरलं आणि सोडेनात. वहिनींनी ओटी भरली. मुंबईचे अध्यक्ष बाजूला उभे राहून फोटो काढत होते.

रस्ता काही झाला नाही. प्राजक्ताच्या अहवालावर मी शेरा मारायच्या वेळी तिनं विचारलं, "मॅडम, ही केस यशस्वी म्हणायची का?" बहिष्कार उठला, म्हणून हो म्हणावं. पाखाडी तशीच राहिली, म्हणून नाही म्हणावं. मी तिला सांगितलं, तू 'केस बंद' एवढंच लिही. केस बंद करणं हेसुद्धा एक कौशल्य आहे आणि तेच आम्हाला सगळ्यात कमी जमतं. माणसाला आपली गरज उरली नाही, हे आनंदानं मान्य करायचं असतं. मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी कुणा ना कुणाला उगीच फोन करून 'बरं आहे ना' विचारते.

प्राजक्ता पास होऊन गेली. आषाढात म्हाताऱ्यांची लघवी अडली. धो धो पाऊस, पाखाडी शेवाळलेली. रिक्षा खाली पाखाडीच्या तोंडाशी उभी. वाडीतल्या चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांबू बांधले, म्हाताऱ्यांना बसवलं आणि पायरी पायरी चाचपत खाली नेलं. तात्यांचे खांदे त्या कामाचे राहिले नव्हते म्हणून ते छत्री धरून सोबत उतरले, स्वतः भिजत. मधल्या वळणावर पुढचा एक जण घसरला. खुर्ची कलली, पण कुणी बांबू सोडला नाही. त्याचा गुडघा फुटला. म्हातारे वेळेत इस्पितळात पोचले, वाचले, आणि नळी लावलेले परत आले तेव्हा त्याच चौघांनी त्यांना तसंच वर चढवलं. त्यात गुडघ्याला पट्टी बांधलेलाही होता.

हे मला वहिनींनीच फोनवर सांगितलं. केस बंद झाल्यानंतरचा हा त्यांचा पहिला फोन. मी म्हाताऱ्यांची चौकशी केली. नळीची काळजी कशी घ्यायची ते सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"ता सगळा जमतंय. दुसरा बोलायचा व्हता. मी काल तात्यांच्या घरी गेलंव. त्याना बोललंव, चला, जागा दाखवतंय. आमी दोघांनी चालून बघितलाव. रस्ता विहिरीच्या अंगानं वळवलान तर एक कलम जाईल, एक वाचंल. पाऊस उघडला की मानसं येतील. भावजीना सांगितलाय मी. मंडळाला तात्या सांगतील."

माझ्या तोंडावर सगळं आलं. कागदावर घ्या, मोजणी करून घ्या, घाई करू नका, एकदा मी येऊन जाते, ग्रामपंचायतीत मी बोलते, नवऱ्याची आठवण आहे ती, नीट विचार केलात ना. मी श्वास घेतला.

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "इचारायला नाय केला फोन. सांगायला केलाय."

"बरं," मी म्हटलं.